डिसोल्डरिंगसाठी पंप, विक की गन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या टेबलावर अ‍ॅडॉप्टर, पंख्याचा रेग्युलेटर, जुना अ‍ॅम्प्लिफायर किंवा कंप्युटरचा मदरबोर्ड उघडून बसणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. डिसोल्डरिंग म्हणजे जोडावरचं सोल्डर (कथलाचा मिश्रधातू) वितळवून काढणं, म्हणजे भाग बोर्डापासून सुटतो. तापमानाचे सगळे आकडे सेल्सियसमध्ये आहेत.

फक्त एकच अवजार घ्यायचं तर कोणतं?

स्प्रिंगचा हातपंप, ज्याला दुकानात नुसतं 'सकर' म्हणतात. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, वीज लागत नाही, आणि एकाच बाजूला तांबं असलेल्या बोर्डावर त्याच्याइतकं झटपट काही चालत नाही. जोडीला २ किंवा २.५ मिमी रुंदीची विक (सोल्डर टिपणारी तांब्याच्या तारांची वेणी) आणि राळेचा फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारा पदार्थ) घ्या. पंप ढीग उचलतो, विक उरलंसुरलं टिपून घेते. त्यामुळे पंप चांगला की विक, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

मात्र अवजाराआधी बोर्ड बघा. तपकिरी, कागदी फिनॉलिकचा एकपदरी बोर्ड असेल (स्वस्त अ‍ॅडॉप्टर, एलईडी बल्बचे ड्रायव्हर, जुने टीव्ही) तर पंप पुरतो, पण पॅड (पाय जिथे सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका) उखडण्याची भीती सगळ्यात जास्त इथेच. काचतंतूंचा एफआर-४ बोर्ड, दोन्ही बाजूंना तांबं आणि भोकांना आतून मुलामा असेल, तर सोल्डर भोकाच्या तळापर्यंत भरलेलं असतं आणि ते सगळं एकाच वेळी वितळावं लागतं. चार-सहा थरांच्या मदरबोर्डावर तर ग्राउंडची भोकं पंपवाल्याचा घाम काढतात. अवजारावर किती खर्च करायचा हे या तिन्हींपैकी आपल्याकडे कोणता बोर्ड जास्त येतो त्यावरून ठरवा.

सोल्डर काढायचंय, मग आधी नवं सोल्डर घालायला का सांगतात?

ऐकायला उफराटं वाटतं, पण या कामातली सगळ्यात उपयोगी सवय हीच. जुन्या जोडावर ऑक्साइडचा थर असतो, त्यावर कोरडी बिट (आयर्नचं तापणारं टोक) टेकवली तर ती एका ठिपक्यावर टेकते आणि उष्णता आत शिरत नाही. नव्या सोल्डरच्या तारेतली राळ तो थर उडवते आणि वितळलेलं ताजं सोल्डर बिट, पॅड आणि पाय या तिघांमध्ये पूल बांधतं.

दुसरं कारण मिश्रधातूचं. ६३/३७ कथील-शिसं बरोबर १८३ अंशांना वितळतं. बिनशिशाचं एसएसी ३०५ (९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्के तांबं) २१७ ते २२० अंश मागतं आणि नुसतं कथील-तांबं २२७. बिनशिशाच्या जोडात थोडं शिशाचं सोल्डर मिसळलं की वितळण्याची हद्द खाली येते आणि ते प्रवाहीही होतं.

तिसरं कारण थेट पंपाशी जोडलेलं आहे. टपोरा थेंब पंप एका झटक्यात गिळतो. भोकाच्या भिंतीला चिकटलेला पातळ पापुद्रा मात्र हवेला दाद देत नाही. म्हणूनच पंप मारल्यावर थोडंसं सोल्डर उरलं असेल, तर तेच पुन्हा पुन्हा तापवत बसण्याऐवजी भोक नव्या सोल्डरने पूर्ण भरा आणि एकदाच ओढा.

बिटचं तापमान किती ठेवू?

शिशाच्या सोल्डरला ३२० ते ३५० अंश, बिनशिशाच्याला ३५० ते ३८०. फिनॉलिक बोर्डावर ३०० ते ३३० मध्ये भागवा आणि एका जोडावर सलग तीन सेकंदांच्या पुढे जाऊ नका. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक घरगुती इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिशावर बंदी आली, त्यामुळे त्यानंतरच्या बाहेर विकल्या जाणाऱ्या मालात बिनशिशाचंच सोल्डर धरून चालावं. जोड मंद, किंचित खरबरीत दिसत असेल तर शंका आणखी पक्की, पण नुसत्या दिसण्यावर भिस्त ठेवू नका.

सोल्डर वितळत नाही म्हणून आकडा ४५० वर नेणं ही नेहमीची चूक आहे. बहुतेक वेळा अडचण तापमानाची नसते. बिट बारीक असते किंवा काळी पडलेली असते. सुईसारख्या टोकाऐवजी २.४ मिमी किंवा ३ मिमीची छिन्नीसारखी बिट लावा. त्याच ३५० अंशांवर दुप्पट वेगाने काम होईल. बिटला कथलाची चकचकीत कल्हई टिकली पाहिजे. कल्हई गेली की उष्णता अडते, मग आकडा कितीही चढवा.

पंप ओढताना नेमकं काय करायचं?

पंप आधी दाबून तयार ठेवा. जोडावर थोडं नवं सोल्डर घाला. बिट पायाच्या एका बाजूने, पाय आणि पॅड दोन्हींना टेकेल अशी ठेवा. सोल्डर चकाकून वितळल्यावर आणखी एक सेकंद थांबा, कारण वरचं वितळलं म्हणजे खालचं वितळलं असं नाही. मग नोझल जोडावर तिरकं, बिटच्या टोकाला जवळजवळ खेटून आणा आणि बटण दाबा. बिट तोपर्यंत उचलायची नाही. बिट उचलून पंप आणेपर्यंत अर्ध्या सेकंदात सोल्डर गोठतं, आणि 'माझा पंप ओढतच नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं.

बटण दाबताना पंपाला धक्का बसतो. नोझल पॅडवर जोर देऊन टेकवलं असेल तर त्या धक्क्याने फिनॉलिक बोर्डावरचं पॅड निघून येतं. हलकं टेकवा, हात बोर्डाच्या कडेला टेकून स्थिर ठेवा. काही पंपांत दट्ट्याची दांडी मागच्या बाजूने जोरात बाहेर येते. वाकून बघणाऱ्याच्या डोळ्याच्या अगदी रेषेत. दांडीभोवती संरक्षक कडं असलेला पंपच घ्या.

सगळं सोल्डर निघालं, तरी पाय सुटत नाही. का?

पाय भोकाच्या एका भिंतीला केसाइतक्या पापुद्र्याने चिकटलेला असतो. ओढू नका. थंड झाल्यावर चिमट्याने पायाचं टोक हळूच बाजूला ढकला, 'टिक' असा बारीक आवाज येऊन तो सुटतो. नाही सुटला तर त्या भोकात पुन्हा सोल्डर भरून ओढा. पाय आत वाकवलेले असतील तर आधी तापवून ते सरळ करायचे. कारखान्यात भाग पडू नये म्हणून पाय मुडपून ठेवतात आणि जुन्या रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे सर्रास दिसतं. मुडपलेल्या पायाखालचं सोल्डर पंपाला दिसतच नाही.

पंप विकत घेताना काय बघू? आणि तो काही दिवसांत मंदावतो का?

नोझल टेफ्लॉनचं असावं आणि सुटं मिळावं. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे ३५० च्या बिटला ते क्षणभर सोसतं, टेकून राहिलं तर टोकाचा आकार बिघडतो. सिलिकॉन नळीचं नोझल असलेले पंप (जपानी 'इंजिनियर एसएस-०२' हा त्यातला नावाजलेला) याहून बरे. मऊ नळी थेट बिटसकट जोडावर दाबता येते, फट राहत नाही आणि ओढ वाया जात नाही. पैसे थोडे जास्त लागले तरी हातपंपात हाच घ्यावा असं आमचं मत आहे. मोठा अ‍ॅल्युमिनियमचा पंप भारदस्त वाटतो, पण हात अवघडतो आणि धक्का मोठा बसतो.

मंदावतो तो घाणीने. दर वीस-तीस जोडांनंतर पुढचा भाग पिळून उघडा, कथलाचे चुरे आणि राळेचा चिकटा काढा. आतल्या दट्ट्यावरच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचा बोटभर नव्हे, टिपकाभर हात द्या. शिवणयंत्राचं तेल नको, रबर फुगतं. नोझलच्या तोंडावर बोट ठेवून बटण दाबा. दट्ट्या अर्ध्यावर अडखळला तर पंप ठीक, सर्रकन शेवटपर्यंत गेला तर कुठून तरी हवा शिरतेय.

विक सोल्डर शोषतच नाही. खराब आहे का?

विक म्हणजे तांब्याच्या बारीक तारांची वेणी, फ्लक्समध्ये भिजवून वाळवलेली. ती केशाकर्षणाने सोल्डर ओढते, पण तांबं चकचकीत असेल तरच. काळपट-तपकिरी पडलेली वेणी सोल्डरला जवळ करत नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात उघडी ठेवलेली रिळं अशी लवकर पडतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. काळवंडलेली विकही टाकून देऊ नका: टोकाला द्रव फ्लक्स लावला की बऱ्याचदा पुन्हा कामाला येते. स्वस्त विकमध्ये फ्लक्स नावालाच असतो, तिला तर नवी असतानाही लावावा लागतो.

दुसरं कारण उष्णतेचं. लांब वेणी उष्णता स्वतःच पिऊन टाकते. वापरलेला भाग कापून टाका, ताज्या तांब्याचं टोक जोडावर ठेवा, वर रुंद बिट आडवी टेकवा. दोन-तीन सेकंदांत वेणी रुपेरी होत जाते. रुपेरी पुढे सरकायची थांबली की ती भरली. मग बिट आणि विक दोन्ही एकदम उचला. बिट आधी उचलली तर विक पॅडला चिकटून गोठते, आणि तशी ओढली की पॅड हातात येतं. आणि वेणी घासू नका, नुसती टेकवा. घासल्याने हिरवा सोल्डर मास्क (बोर्डावरचा संरक्षक थर) खरवडला जातो.

रुंदी पॅडएवढी किंवा किंचित कमी. बारीक पायांच्या आयसीला १.५ मिमी, सर्वसाधारण कामाला २ ते २.५, मोठ्या पॅडना ३. जपानी 'गूट'ची सीपी-२०१५ ही २ मिमीची विक आपल्याकडे सहज मिळते आणि चांगली आहे. वेणी हातात धरू नका, रीळ धरा. तांबं बोट भाजायला वेळ लावत नाही.

फ्लक्स कोणता घ्यावा? दुकानदार डबीतली पेस्ट देतो.

राळेचा, म्हणजे रोझिनचा, किंवा 'नो-क्लीन' लिहिलेला जेल फ्लक्स. डबीतली पिवळी पेस्ट काही वेळा बरी असते, काही वेळा आम्लयुक्त. डबीवर झिंक क्लोराइड असं लिहिलेलं दिसलं तर ती पत्र्याच्या आणि नळाच्या कामाची आहे, बोर्डावर लावू नका. तिचा अंश राहिला तर महिन्या-दोन महिन्यांत ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या) हिरवे पडतात. काम झाल्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड पुसा. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

ग्राउंडच्या भोकातलं सोल्डर काही केल्या निघत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त बोर्ड इथेच बिघडतात, म्हणून थोडं सविस्तर.

तांबं उष्णता एफआर-४ पेक्षा हजार पटींहून सहज वाहून नेतं. ग्राउंडचा पाय पूर्ण बोर्डभर पसरलेल्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेला असतो, त्यामुळे बिटने दिलेली उष्णता सोल्डर वितळण्याआधीच सगळीकडे पसरते. म्हणून नीट आखलेल्या बोर्डात पॅड आणि पत्रा यांच्यात चार बारीक आऱ्या ठेवतात. जिथे जास्त करंट जायचा असतो तिथे, विशेषतः मदरबोर्डाच्या प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरांना, या आऱ्या नसतातच.

उपाय बोर्ड आधी तापवण्याचा. खालून सारखी उष्णता देऊन तो भाग १०० ते ११० अंशांवर आणा. प्रीहीटर असेल तर उत्तम, नसेल तर हॉट एअर गन १५० अंशांवर, चार-पाच इंच लांबून, फिरती ठेवून दोन-तीन मिनिटं. आता बिटला १८३ किंवा २२० पर्यंतचं उरलेलं अंतरच पार करायचं असतं. साध्या एफआर-४ ची राळ १३० ते १४० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते, त्यामुळे सगळा बोर्ड त्याच्या पुढे नेऊ नका. शेजारच्या प्लॅस्टिक कनेक्टरवर आणि १०५ अंशांच्या कपॅसिटरवर नजर ठेवा.

मग भरपूर शिशाचं सोल्डर, रुंद बिट. कपॅसिटर काढताना दोन्ही पाय एकदम सुटायची वाट बघू नका. एक पाय वितळवा, कपॅसिटर त्या बाजूने मिलिमीटरभर कलवा, मग दुसरा पाय, पुन्हा पहिला. असा डुलवत डुलवत तो बाहेर येतो. जोर लावायचा मोह आवरा. जोराने भोकाच्या आतला मुलामा पायाबरोबर उपसून येतो आणि मधल्या थराशी असलेली जोडणी कायमची तुटते. अशी भोकं नंतर दिसायला ठीक असतात, त्यामुळे बिघाड शोधताना डोकं खाजवायची वेळ येते.

भाग निघाला पण भोक बुजलेलं राहिलं, तर एका बाजूने बिट आणि दुसऱ्या बाजूने पंप लावा. हवा आरपार गेली की भोक साफ होतं. लाकडी टूथपिक हाही जुना, खात्रीचा उपाय आहे: सोल्डर वितळलेलं असताना टोक भोकात घाला, थंड होऊ द्या, फिरवून काढा. लाकडाला कथील चिकटत नाही. स्टीलची सुईही चालते. ड्रिल मात्र फिरवू नका.

पॅड उखडलंच. बोर्ड गेला का?

सहसा नाही. मेकॅनिक मंडळी ज्याला 'प्रिंट उखडली' म्हणतात, ते बहुतेकदा जोडता येतं. एकपदरी बोर्डावर पॅड नुसत्या गोंदावर टिकलेलं असतं, आतला मुलामा त्याला रिव्हेटसारखा धरून ठेवत नाही. वारंवार तापवलं की गोंद सैल होतो, मग हलकासा धक्काही पुरतो.

लोंबणारं पॅड कापून टाका. ट्रॅकवरचा मास्क ब्लेडने ३-४ मिमी खरवडून तांबं उघडं करा, त्याला कल्हई द्या. भागाचा पाय लांब असेल तर तोच वाकवून ट्रॅकवर सोल्डर करा. नसेल तर ०.२५ मिमीची वायर-रॅपची तार किंवा साध्या फ्लेक्झिबल वायरीतला एक धागा वापरा. पण वीज पुरवठ्याच्या ट्रॅकला एक धागा पुरणार नाही, तिथे जाड तार. मल्टिमीटरने सलगता तपासा, शेवटी इपॉक्सीचा थेंब टाकून तार पक्की करा. मुलाम्याच्या भोकाचं पॅड गेलं असेल तर वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंची जोडणी वेगवेगळी तपासायची.

१४ किंवा ४० पायांची आयसी कशी काढायची?

आधी ठरवा: आयसी वाचवायची आहे की बोर्ड? आयसी उडालेलीच असेल तर तिचे पाय अंगालगत बारीक कटरने कापा, अंग फेकून द्या आणि एकेक पाय तापवून चिमट्याने उचला. मग भोकं साफ करा. बोर्डाला याहून कमी त्रास देणारी पद्धत नाही, आणि तरीही लोक दहा रुपयांची मेलेली आयसी वाचवताना हजारांचा बोर्ड घालवतात.

आयसी वाचवायची असेल तर सगळ्या पायांचं सोल्डर पंपाने काढा, पण ओळीने नाही. एक इकडचा, एक तिकडचा असं करा म्हणजे एकाच कोपऱ्यात उष्णता साचत नाही. प्रत्येक पाय हलतोय का ते पाहून मगच खालून सपाट स्क्रू-ड्रायव्हर हलकेच सरकवा. ४० पायांची असेल आणि बोर्ड बहुपदरी असेल तर हातपंपाने संध्याकाळ जाते. नवी आयसी थेट बसवू नका, गोल पायांचा सॉकेट लावा.

एसएमडी भागांना पंप चालतो का?

एसएमडी म्हणजे भोकांत पाय न घालता बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले भाग. त्यांना पंपाचा उपयोग फारसा नाही. दोन टोकांचा छोटा रेझिस्टर असेल तर दोन्ही टोकांवर सोल्डरचा एकच गोळा करून रुंद बिटने बाजूला सारा. आठ पायांच्या आयसीला दोन्ही ओळींवर उघडी तांब्याची तार टेकवून तिच्यावर सोल्डर ओता. सगळे पाय एकदम वितळतात. जास्त पायांना हॉट एअर: भरपूर जेल फ्लक्स, ३५० ते ३८० अंश, शेजारच्या भागांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी). चिमट्याने हलकं ढोसल्यावर आयसी तरंगल्यासारखी हलली तरच उचला. पॅड नंतर विकने सपाट करा.

८५८डी या नावाने विकली जाणारी स्वस्त हॉट एअर स्टेशनं एकाच आकड्याखाली अनेक जण बनवतात. वापरण्याआधी प्लगच्या अर्थ पिनपासून नोझलच्या धातूपर्यंत सलगता आहे का हे मल्टिमीटरने बघा. नसेल तर अर्थ जोडल्याशिवाय चालू करू नका.

कमी तापमानाला वितळणारा खास मिश्रधातू काय असतो?

'चिप क्विक'सारखा बिस्मथ-इंडियमचा धातू ६० अंशांच्या आसपास वितळतो. तो जुन्या सोल्डरमध्ये मिसळला की सगळं मिश्रण बराच वेळ पातळ राहतं आणि प्लॅस्टिकचा कनेक्टर न वितळवता सुटतो. महाग आहे, म्हणून तो अडलेल्या जागीच वापरा. मात्र काम झाल्यावर विक आणि अल्कोहोलने त्याचा कण न कण काढा. बिस्मथ, कथील आणि शिसं तिन्ही एकत्र राहिले तर ९६ अंशांनाच वितळणारं मिश्रण तयार होऊ शकतं. गरम होणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये असा जोड म्हणजे पुढच्या बिघाडाला आमंत्रण.

गरम डिसोल्डरिंग गन घ्यावी का?

महिन्याला एक-दोन भाग बदलत असाल तर नको. दर आठवड्याला मुलाम्याच्या भोकांचे बोर्ड येत असतील, जुने ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर, कंप्युटर, सिंथेसायझर, तर ती पंप-विकच्या जोडीपेक्षा खूप पुढे आहे. पोकळ तापलेलं नोझल आणि विजेवर चालणारा निर्वात पंप एकाच हातात येतात, आणि उष्णता पायाच्या चारही बाजूंनी जाते. 'हाक्को'ची एफआर-३०१ पंपासकट पूर्णच हातात धरायची आहे, वेगळं स्टेशन नाही. चिनी झेडडी-९१५ सारखी स्टेशनं बरीच स्वस्त पडतात आणि छंदापुरती ठीक चालतात, फक्त त्यांची देखभाल जास्त.

नोझलचं आतलं भोक पायापेक्षा मोठं हवं: साध्या आयसी-रेझिस्टरला १ मिमी, कनेक्टर आणि ट्रान्सफॉर्मरच्या पायांना १.३ किंवा १.६. तापमान शिशाला ३५० ते ३८०, बिनशिशाला ३८० ते ४००. नोझल पायावर घाला, दाबू नका, दोन-तीन सेकंद थांबा. पाय नोझलबरोबर गोल फिरायला लागला की समजा, तळापर्यंत वितळलं. आता ट्रिगर दाबा, आणि दाबून ठेवूनच आणखी एक-दोन सेकंद गोल फिरवत राहा. वाहत्या हवेने पाय भिंतीपासून सुटा राहून थंड होतो. ट्रिगर लवकर दाबला तर अर्धवट वितळलेलं सोल्डर नळीत गोठतं आणि भोकात पापुद्रा राहतो.

गन तुंबते. रोज?

तुंबतेच. गन गरम असताना, दर दहा-पंधरा जोडांनी, सोबत आलेली सळई नोझलमधून आरपार घाला. थंड गनमध्ये सळई घुसवली तर नोझल किंवा हीटरचं वाटोळं. फिल्टर तपकिरी, कडक झाला की बदला; राळ भरलेल्या फिल्टरमधून हवा जात नाही आणि लोक पंप बिघडला म्हणून गन उघडतात. चार-पाच सुटे फिल्टर पहिल्याच खरेदीत घ्या. बंद करण्याआधी सळई घाला, काही सेकंद नुसती हवा ओढू द्या, नोझलच्या कडेला सोल्डरची कल्हई ठेवून मग स्विच बंद.

आणि गन अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर आधी व्होल्टेज बघा. तिकडचा माल १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टवर लावला तर हीटर पहिल्याच मिनिटाला जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण गनच्या वॉटपेक्षा तो मोठा हवा.

रबरी फुग्याचा आयर्न आणि पोकळ सुयांचा संच, यांचा उपयोग होतो का?

फुग्याचा आयर्न एकपदरी बोर्डावर चालतो, तापमान आवरत नाही म्हणून जपून वापरावा लागतो. स्टीलच्या पोकळ सुया मात्र स्वस्तात मस्त. पायावर मापाची सुई घाला, बाजूने सोल्डर वितळवा, सुई फिरवत आत सरकवा, गोठेपर्यंत फिरवत राहा. पाय मोकळा. मुलाम्याच्या भोकात सुईला जागाच नसते, तिथे जबरदस्ती नको.

साध्या प्लॅस्टिकच्या पंपाने आयसी उडते का?

उडू शकते. दट्ट्या झटक्यात सरकताना स्थिर विद्युतभार तयार होतो. मॉसफेट, सीमॉस आयसी, जुने मेमरी चिप असतील तर 'ईएसडी सेफ' (स्थिर विजेपासून सुरक्षित) लिहिलेला, सहसा काळ्या वाहक प्लॅस्टिकचा पंप घ्या आणि अर्थ असलेलं आयर्न वापरा. ट्रान्सफॉर्मर-रेझिस्टरला याची चिंता नाही.

जिवाला धोका कुठे आहे?

सर्वांत मोठा धोका अ‍ॅडॉप्टर आणि एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) यांतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये असतो. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर तिथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साचतात, आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. २.२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांनी त्याच्या दोन पायांना काही सेकंद लावा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सव्वा सेकंदात जवळजवळ रिता होतो. मग मल्टिमीटरने खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय मोडा. ठिणगीने ट्रॅक जळतो, कधी कपॅसिटरही जातो.

या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, पण बोटांना लागलेलं शिसं तोंडात जाऊ शकतं. हात साबणाने धुतल्याशिवाय चहा-बिस्किटाला हात लावू नका. पंपातला चुरा झटकताना फुंकू नका. राळेचा धूर दम्याच्या माणसाला त्रास देतो, म्हणून छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा ठेवा, बोर्डावर फुंकेल असा नको. नाहीतर जोड थंड पडतो. बोर्डावर नाण्यासारखा लिथियम सेल असेल तर तो आधी काढा, त्याच्या पत्र्यांना उष्णता दिली तर तो फुटू शकतो.

सराव कशावर करू, आणि बोर्ड कुठून आणू?

बिघडलेला डीव्हीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, कंप्युटरचा जुना पॉवर सप्लाय. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अवजारं घ्यायला जाल तेव्हा भंगारातला बोर्ड विचारून बघा. आधी एकपदरी बोर्डावरून दहा रेझिस्टर एकही पॅड न उखडता काढा, मग मदरबोर्डावरचे कपॅसिटर. एकाच भोकातून पाच वेळा भाग काढून-लावून पाहिलं की पॅड नेमकं कितव्या वेळी सैल होतं ते कळतं, आणि तो अंदाज ग्राहकाच्या बोर्डावर शिकण्यापेक्षा इथेच शिकलेला बरा. उरलेला कथलाचा चुरा आणि वापरलेली विक झाकणाच्या डबीत साठवा आणि ती भरली की ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका.